खाडीचा वाटा

"फळी उचल! अगं राणी, फळी उचल, भरती आली!"

"कुठली फळी? हितं तीन फळ्या हायत!"

"डावीकडची! तुझा डावा हात कुठला तेवढं आठव नि उचल!" नम्रता ओरडली.

राणीने डोळे गच्च मिटून कळ दाबली. पडद्यावर खाडीचं पाणी भसाभस पाटात शिरलं आणि पाण्याबरोबर मासेही. मासे सुळसुळत खारवायच्या ओट्यापर्यंत आले. दुसऱ्या पाटातून पांढरंशुभ्र मीठ आलं. ओटा खडखडला, धुरकटला, आणि टप्प! पहिली खारवलेली मासळी पेटीत पडली. मग दुसरी. मग तिसरी. कुणी हात लावला नव्हता!

"झालं! नमे, झालं गो!" मितेश खुर्चीवरून असा उडाला की खुर्ची मागच्या मागे आडवी झाली.

हे सगळं चाललं होतं रोह्यात, निलेशदादाच्या कॉम्प्युटर क्लासातल्या सुट्टीच्या शिबिरात, मे महिन्याच्या भर दुपारी. खेळाला चांगलं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण मुलं त्याला नुसतं 'बेट' म्हणत. बेटावर रिकाम्या हातांनी उतरायचं. तिथं भूक लागते, वादळं येतात, आणि जो पोटापाण्याची सोय करून ठेवतो तोच टिकतो. बाकीची पोरं दिवसभर मासे पकडायची, एकेक करून खारवायची, पेटीत नेऊन ठेवायची आणि दमायची. नम्रताला या हमालीचा भारी कंटाळा. मासा स्वतःच्या पायांनी, म्हणजे शेपटीने, पेटीत येऊन बसेल असं यंत्र तिला हवं होतं.

आणि ते तिला सुचलं, यात नवल काही नव्हतं. पेणच्या खाडीकाठी तिच्या महिपती आजोबांचं मिठागर होतं. भरतीचं पाणी उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी उचलून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, उन्हात आटवायचं, हे ती रांगत होती तेव्हापासून पाहत आलेली. घरी कॉम्प्युटर नव्हता. तो मिळायचा फक्त सुट्टीत, अष्टमी गावात हौसामावशीकडे आल्यावर, पूल ओलांडून रोह्यात निलेशदादाकडे. मितेश हा मावशीचा मुलगा. राणी शेजारच्या नदीकाठच्या वाडीतली, आणि तिचं तोंड बंद झालेलं अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

"शाब्बास नमू!" निलेशदादा मागून टाळ्या वाजवत आला. "अशी रचना मलाही सुचली नसती!"

निलेशदादा म्हणजे पोरांच्या गळ्यातला ताईत. नम्रताला कळफलकावर बोटं ठेवायला त्यानेच शिकवलं होतं. बेटावर त्याचंही माणूस होतं, लाल टोपीचं. खेळणारा निघून गेला की त्याचं माणूस तिथंच आडवं होऊन झोपायचं, तसा हा लाल टोपीवाला बांधाच्या आत, मिठाच्या वाफ्यांशेजारी घोरत पडलेला असायचा.

"आणि ही बांधावरची मातीची कुंडी कसली?" त्याने विचारलं.

"ती... असंच," नम्रता म्हणाली.

"शोभेची कुंडी! कलाकार आहेस हां!" तो हसला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शिबिराच्या समारोपाला मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका संध्याबाई येणार आहेत. ज्याचं यंत्र, त्यानेच मंचावर दाखवायचं. म्हणजे कोणी?"

"नमीने!" मितेश आणि राणी एकदम ओरडले.

त्याच संध्याकाळी नम्रताने पेणला फोन लावला. "आजोबा, समारोपाला याच! आपलं आगर कॉम्प्युटरवर केलंय मी!"

"कांप्युटरवर मीठ पिकतं व्हय गो?" आजोबा म्हणाले. "मग तर यायलाच पायजे."

पुढे आठवडाभर यंत्र रोज चालत होतं. मग दोन दिवस गावी हळद होती म्हणून नम्रता पेणला जाऊन आली. परत आली ती मावशीकडे पिशवी टाकून थेट क्लासात. दारातच निलेशदादा उभा होता आणि त्याचं तोंड उतरलं होतं.

"नमू, वाईट बातमी आहे. बेट गेलं गं."

"गेलं म्हणजे?"

"पुसलं गेलं. सगळंच. मी रात्रंदिवस खटपट केली, पण नाही आलं परत." त्याने उसासा टाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण परवा शेवटी मशीनवर मितेश बसला होता. चुकून काहीतरी दाबलं असेल. रागावू नकोस त्याच्यावर."

रागावू नकोस म्हटल्यावर कोण रागावत नाही? नम्रता दारातच बसून रडू लागली. निलेशदादाने तिला बर्फाचा गोळा आणून दिला, तिचे डोळे पुसले, आणि समारोपाला आता मीच काहीतरी साधंसं दाखवेन म्हणाला. गोळा तिच्या हातातच वितळून गेला.

घरी मितेश वाटच बघत होता. "नमे, मी काय पण केलं नाय! आईशपथ! मी कॉम्प्युटर नीट बंद केलता!"

"मग बेट काय खेकड्याने खाल्लं?"

"तुला माझ्यापेक्षा त्याच्यावर विश्वास हाय?"

"हाय!" नम्रता म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून दोघं एका ताटाच्या दोन बाजूंना बसून जेवायची, पण बोलायची नाहीत. हौसामावशी म्हणाली, "काय गो, तोंडं शिवलीत काय?" आजोबांना येऊ नका म्हणून सांगायला नम्रताने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

मग समारोपाच्या आदल्या दिवशी राणी धापा टाकत आली. "नमे, चल! पुलावर चल! आत्ताच्या आत्ता!"

"मला कुठं यायचं नाय."

"यायचं नाय तर तुला फरफटत नेईन!"

राणी बोलली म्हणजे करणार. कुंडलिका नदीवरच्या पुलाच्या अष्टमीकडच्या तोंडाला एक नवा कोरा फलक झळकत होता. त्यावर निलेशदादाचा हसरा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'निलेश सरांचा स्वयंचलित मासळी कारखाना! रोह्यात प्रथमच!' शेजारी एका बेटाचं चित्र.

"ह्ये आपलं बेट नाय ना गो?" राणीने विचारलं. "आपल्याकडं नारळ व्हता. खोपटं निळं व्हतं. ह्ये तर लाल हाय."

नम्रता चित्राकडे एकटक पाहत होती. नारळ काढलेला होता. खोपट्याला नवा रंग दिलेला होता. पण बांधाच्या टोकाला, पाट जिथं वळतो तिथं, एक मातीची कुंडी होती.

बेट गेलं नव्हतं! पुसलं गेलं नव्हतं! तिचे डोळे पुसणाऱ्या हातानेच ते पळवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि बघा या मोठ्या माणसांची तऱ्हा, चोरी करतात ती करतात, वर रस्त्यावर तिचा फलक लावतात! पोरं काय, रडून गप्प बसतील, हा हिशेब.

"निलेशदादाने..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. राणीसुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा.

घरी मितेश मागच्या पडवीत सायकलची साखळी साफ करत बसला होता. नम्रता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मितेश, तू नव्हतं पुसलंस."

"कळलं का?" त्याने मान वर केली नाही.

"चुकलं माझं. मी तुझं ऐकायला पायजे होतं."

मितेशने साखळी दोनदा फिरवली. "मला लय वाईट वाटलं नमे. बेटाचं नाय. तुझं." मग हात पुसत तो उठला. "बरं, आता काय करायचं त्या निलेशचं? मी सांगू? त्याच्या खुर्चीवर ओलं शेण–"

"नाय. आधी बेट बघायला पायजे."

ती कामगिरी राणीकडे आली. पाण्याची बाटली विसरली म्हणून ती क्लासात शिरली. निलेशदादा गॅलरीत फोनवर बोलत होता. "हो, संध्याबाई, सगळी रचना माझीच. आपल्या शाळेत क्लास मिळाला तर असंच शिकवेन... हो हो, उद्या बघाच!" राणीने मान वाकडी करून पडदा पाहिला, बाटली घेतली आणि पळत पूल ओलांडला.

"आपलंच! तीच पेटी, तोच पाट! त्याने भरतीचा वेग वाढवलाय. नि तो लाल टोपीवाला बांधात झोपलाय तसाच!"

"आणि कुंडी?" नम्रताने विचारलं. "कुंडी कशी होती?"

"मासे हायत तिच्यात. वरपर्यंत आलेत. थोडीशीच रिकामी हाय. का गो?"

नम्रताने एक मोठा श्वास घेतला. ही गोष्ट तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती.

"आजोबा आगरावर मीठ ओढायला लागले की पहिली टोपली घरी नेत नायत. खाडीत परत टाकतात. गपचूप, कुणाला न सांगता. जिथून घेतलं तिथं आधी द्यायचं, आणि दिलेलं बोलून दाखवायचं नाय. म्हणून मी पण बेटावर तसंच केलं. भरतीचा पहिला मासा कुंडीत पडतो. तो पडला की त्याच्या धक्क्याने ओट्याकडची फळी उठते आणि बाकीचे मासे ओट्यावर जातात. कुंडी मी रोज समुद्रात रिकामी करायचे. तुम्ही घरी जायला निघालात की."

"म्हणून तू चप्पल शोधत मागं राहायचीस!" राणी म्हणाली.

"आणि कुंडी भरली तर?" मितेशने विचारलं.

"तर मासा पडणार नाय. फळी उठणार नाय. सगळं बंद."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मितेशच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"पण तो उद्या थोडा वेळच चालवून दाखवेल. कुंडी भरायच्या आधीच बंद केलं तर?" राणी म्हणाली.

"बंद करू द्यायचंच नाय," नम्रता म्हणाली. "त्याला टाळ्या आवडतात ना? मग देऊया की टाळ्या!"

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुढे संध्याबाई बसल्या होत्या, मागे पालक, त्यांत हौसामावशी आणि पेणहून आलेले महिपती आजोबा, स्वच्छ धोतर नि टोपी घालून. नम्रताने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते आल्या आल्या म्हणाले, "कुठं हाय गो तुझं आगर?" आणि तिने नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं.

निलेशदादा नव्या कोऱ्या सदऱ्यात मंचावर आला. मुलांना पाहून क्षणभर चपापला, मग गोड हसला. "आपल्या शिबिरातली लाडकी मुलंही आली आहेत. बघा बरं, सर काय करतात ते!"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा डोलत होता. याच माणसाने नम्रताला पहिली कळ दाबायला शिकवली होती. तिने नजर वळवली.

पाणी आलं. पहिला मासा कुंडीत पडला, फळी उठली, ओटा खडखडला, पेटी भरू लागली. लोक "अरे वा!" म्हणाले.

"तर अशी ही माझी रचना," म्हणत निलेशदादाने बंद करायला हात पुढे केला.

"परत एकदा!" मितेश ओरडला.

"सर, परत एकदा! लय भारी!" राणीने खुर्चीवर उभं राहून टाळ्या पिटल्या. बाकीच्या पोरांना तेवढंच हवं होतं. सगळं सभागृह दणाणलं. "परत एकदा! परत एकदा!"

निलेशदादाची छाती फुगली. "बघा, मुलांना किती आवडलंय!" दुसरी भरती आली. कुंडीत आणखी एक मासा.

"अजून एकदा सर! मागच्यांना दिसलं नाय!"

"माझ्या आईला दिसलं नाय!"

"आई तर शेजारीच बसलीय रे तुझ्या," कुणीतरी म्हणालं, पण टाळ्यांत ते बुडून गेलं. भरतीवर भरती आली. कुंडी काठोकाठ भरली. नम्रताने मूठ घट्ट आवळली.

पुढची भरती आली. पाणी पाटात शिरलं. पहिला मासा कुंडीपाशी आला, काठावर तडफडला आणि तिथंच राहिला. फळी हलली नाही. मागून मासे येतच राहिले, एकावर एक चढले, पाट तुंबला आणि पाणी बांधावरून मिठाच्या वाफ्यांत घुसलं. पिकलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळून गेलं!

"हे... हे जरा तांत्रिक..." निलेशदादाने एक कळ दाबली, दुसरी दाबली, ओटा उघडला, पेटी उघडली. त्याच्या कपाळावर घाम डवरला.

"निलेशसर," संध्याबाईंनी पुढे वाकून विचारलं, "मासे त्या कुंडीपाशी अडकलेत. ती कुंडी कशासाठी ठेवलीत?"

"ती? ती शोभेची आहे बाई!"

नम्रता उठली. ती सरळ मंचावर चढली. कुणाला काही विचारलं नाही. कळफलक आपल्याकडे ओढला, बेटावरची कुंडी उचलली, समुद्रात उपडी केली आणि जागेवर ठेवली. टप्प! मासा कुंडीत पडला. फळी वर गेली. पाट मोकळा झाला आणि ओटा पुन्हा खडखडू लागला.

"बघा, बघा!" निलेशदादा घाईघाईने म्हणाला. "माझीच विद्यार्थिनी! मीच शिकवलंय हिला!"

"मग हिला विचारते," संध्याबाई म्हणाल्या. "कुंडी कशाला गं?"

नम्रताने मागे पाहिलं. आजोबा तिच्याकडेच पाहत होते. दिलेलं बोलून दाखवायचं नाही! पण आता गप्प राहिली असती तर सगळंच गेलं असतं.

"तो खाडीचा वाटा हाय," ती म्हणाली. "खाडीचं घेतो, म्हणून आधी खाडीला द्यायचं. दिला नाय तर आगर बंद. ते मीच तसं बांधलंय." मग ती निलेशदादाकडे वळली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज अगदी बारीक निघाला. "दादा, तू म्हणालास बेट पुसलं गेलं. मी तुझ्यासमोर रडले. तू माझे डोळे पुसलेस."

"आणि माझं नाव घातलंस!" खालून मितेश ओरडला. "दोघांत भांडण लावलंस!"

निलेशदादाची मान खाली गेली.

"बाईंना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं," तो पुटपुटला. "वाटलं, लहान मुलं आहेत, विसरून जातील. चुकलं माझं, नमू."

नम्रताला वाटलं होतं, तो असं म्हणाला की बरं वाटेल. नाही वाटलं. तिने मान हलवली आणि ती खाली उतरली.

संध्याबाई उठून तिच्याजवळ आल्या. "जूनमध्ये आमच्या शाळेत ये. तुझं यंत्र तू स्वतः दाखवायचंस, तुझ्या नावाने. आणि हे टाळ्यांचं कारस्थान कुणाचं?"

"आमचं!" राणी आणि मितेश म्हणाले, आणि सगळे खदखदून हसले. त्या दिवशीच्या खऱ्या टाळ्या तेव्हा वाजल्या. हौसामावशीने तिघांच्याही पाठी थोपटल्या, मितेशची जरा जास्त वेळ.

नम्रता आजोबांपाशी गेली तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "आजोबा, मी सगळ्यांसमोर सांगितलं. खाडीला दिलेलं सांगायचं नसतं ना?"

आजोबांनी खरखरीत तळव्याने तिचं तोंड पुसलं. "दिलेलं सांगायचं नाय, पोरी. चोरलेलं सांगायलाच पायजे." मग पडद्याकडे पाहून म्हणाले, "तुझी उघाडी माझ्या उघाडीपेक्षा बरी हाय गो. माझी गळते."

घरी जायच्या आधी तिघं क्लासात गेली. निलेशदादाने बेट त्यांच्या नावावर परत केलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. राणीने खोपटं पुन्हा निळं केलं. त्या भरतीचा पहिला मासा कुंडीत पडला, तो नम्रताने मितेशला समुद्रात टाकायला सांगितला. आता लपवायचं काही नव्हतं.

वाफ्यांशेजारी लाल टोपीवाला अजून झोपलेला होता.

"ह्याचं काय? टाकू समुद्रात?" मितेशने विचारलं.

नम्रताने त्याला अलगद उचललं, बांधाच्या बाहेर कोरड्या जागी नेऊन ठेवलं, आणि परत आत येऊन उघाडीची फळी पाडून वाट बंद केली.